वापरलेल्या रिव्हॉल्व्हरचे रिकॉल-काम कारखान्यात झाले आहे का, हे कसे तपासावे

‘याला कंपनीने मागे बोलावलं होतं, पण ते काम झालंय’ असे विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. बहुतेक वेळा विकणारा खोटे बोलत नसतो. त्यालाही आधीच्या मालकाने तेच सांगितलेले असते. अशी तोंडी माहिती तीन-चार हातांतून फिरली की तिला काही अर्थ उरत नाही. काम झाले की नाही हे हत्यारावरच वाचता येते आणि त्यासाठी लागतो एक छोटा टॉर्च, एक भिंग, मऊ फडके आणि कुठे बघायचे याची माहिती.

हत्यारावरच का बघायचे, तर अमेरिकेत बंदुकांच्या रिकॉलची सरकारी नोंदवहीच नाही. गाड्या, खेळणी, विजेची उपकरणे यांच्यासाठी सरकारी संस्था रिकॉल जाहीर करतात, लावूनही धरतात. बंदुका मात्र १९७२ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. परवाने आणि विक्रीवर नजर ठेवणारी एटीएफ ही संस्था रिकॉल चालवत नाही. त्यामुळे सूचना काढते ती कंपनी, दुरुस्ती करते ती कंपनी आणि कुणाचे काम झाले याची नोंद ठेवते तीही कंपनीच. कित्येक कंपन्या ‘रिकॉल’ हा शब्दही वापरत नाहीत. ‘सुरक्षा सूचना’, ‘उत्पादन इशारा’, ‘मोफत सुधारणा’ असे काहीतरी म्हणतात. शोध घेताना एकाच शब्दावर अडून बसू नका.

वापरलेल्या मालात नेहमी भेटणाऱ्या दोन रिव्हॉल्व्हर इथे घेतल्या आहेत: स्मिथ अँड वेसनच्या एल-फ्रेमच्या (हे सांगाड्याच्या एका आकाराचे नाव) जुन्या ३५७ मॅग्नम आणि रुगरच्या १९७३ पूर्वीच्या, दर वेळी घोडा (हॅमर) हाताने मागे ओढावा लागणाऱ्या सिंगल-अ‍ॅक्शन. दोन्हींची तपासणी अगदी वेगळी आहे. पहिलीत एक अक्षर शोधायचे असते, दुसरीत एक पोलादी पट्टी.

आधी रिकामी करा

नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर (चाप म्हणजे ट्रिगर). स्मिथ अँड वेसनमध्ये डाव्या बाजूची कळ पुढे ढकलून सिलिंडर बाहेर काढा, एजेक्टर रॉड (काडतुसे बाहेर ढकलणारी काडी) दाबा आणि चेंबर, म्हणजे काडतुसांची घरे, एकेक करून मोजा. उजेड आरपार दिसला तरच चेंबर रिकामे धरायचे. रुगरच्या जुन्या सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये सिलिंडर बाहेर येत नाही. घोडा अर्धा ओढून ठेवायचा, उजवीकडचे भरण्याचे झाकण उघडायचे आणि सिलिंडर हाताने फिरवत सहाही चेंबर बघायचे. पाच बघून सहावे ‘रिकामेच असेल’ असे धरू नका, कारण या हत्यारात घोडा नेमका ज्या चेंबरवर टेकलेला असतो तेच नजरेतून सुटते. काडतुसे त्या टेबलावरून, शक्य असेल तर त्या खोलीतूनच बाहेर ठेवा.

स्मिथ अँड वेसन ५८१, ५८६, ६८१, ६८६: ‘एम’चा ठसा

ही चारही मॉडेल एल-फ्रेमची. ५८६ निळसर काळ्या पोलादाची, नेम धरण्याची मागची खूण (साइट) वरखाली करता येणारी. ६८६ तीच, पण स्टेनलेसमधली. ५८१ आणि ६८१ यांची साइट पक्की बसवलेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही बाजारात आली आणि काही वर्षांतच एक तक्रार पुढे आली: काही ३५७ मॅग्नम काडतुसे उडवल्यावर सिलिंडर अडकतो. १९८७ मध्ये कंपनीने इशारा काढून ही रिव्हॉल्व्हर दुरुस्तीसाठी मागवली.

अडकण्याचे कारण समजले की तपासणीही नीट करता येते. या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये फायरिंग पिन घोड्यावरच बसवलेली असते; कारखान्याच्या भाषेत तिला हॅमर नोज म्हणतात. ती फ्रेममधल्या एका छोट्या बुशिंगच्या, म्हणजे धातूच्या कडीच्या, भोकातून पुढे येऊन काडतुसाच्या मागच्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, आपटते. काडतूस पेटले की दाब मागेही येतो. प्रायमरचा पत्रा मऊ असेल तर तो त्या भोकात फुगतो, जणू ओल्या कणकेवर बोट दाबल्यावर कडेने ती वर यावी. हा फुगवटा भोकात रुतला की सिलिंडर पुढच्या चेंबरवर फिरू शकत नाही. चाप ओढला जात नाही, घोडा मागे येत नाही, कधी सिलिंडर उघडतही नाही. जिवावर बेतलेल्या क्षणी हत्यार नुसता लोखंडाचा तुकडा होऊन बसते. कंपनीने नवा हॅमर नोज आणि नवे बुशिंग बसवून हे सोडवले आणि काम झालेल्या फ्रेमवर इंग्रजी ‘एम’ हे अक्षर ठोकले.

आता हे अक्षर कुठे बघायचे. सिलिंडर बाहेर काढा. सिलिंडर ज्या वाकड्या हातावर झुलतो तो म्हणजे योक. हा योक बंद असताना फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो, त्या खाचेत फ्रेमच्या अंगावर मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये तिथे काजळी आणि वाळलेल्या तेलाचा थर असतो, म्हणून आधी सॉल्व्हंटचा एक थेंब टाकून फडक्याने पुसा. टॉर्च समोरून न मारता तिरका धरा; कोरलेल्या अक्षरांची सावली पडली की ती वाचता येतात. स्टेनलेसवर समोरून उजेड मारला तर काहीच दिसत नाही.

वाचताना पहिलाच सापळा आहे. मॉडेल क्रमांकाच्या आधी कंपनी ‘मॉड’ असे इंग्रजीत कोरते आणि त्याचे पहिले अक्षरच ‘एम’. घाईत बघणारा तोच ‘एम’ बघून समाधान मानतो. हवा आहे तो क्रमांकाच्या नंतर किंवा त्याच्या आसपास स्वतंत्रपणे ठोकलेला ‘एम’. तो वेगळ्या ठशाने नंतर मारलेला असल्यामुळे बहुधा बाकीच्या ओळीशी जुळत नाही. किंचित वरखाली असतो, तिरका असतो किंवा आकाराने वेगळा असतो. ही विसंगती दिसली तर घाबरू नका, ती अपेक्षितच आहे.

मग क्रमांकाच्या पुढचा आकडा वाचा. ‘६८६’ नुसताच असेल, म्हणजे पुढे आडवी रेघ आणि आकडा नसेल, किंवा ‘६८६-१’ असेल, तर ‘एम’ हवाच. ५८१, ५८६ आणि ६८१ यांनाही हाच नियम. ‘६८६-२’ किंवा त्यापुढचा आकडा असेल तर सुधारणा कारखान्यातच झालेली असते, तिथे ‘एम’ नसणे हे बरोबरच आहे. याचा घोळ नेहमी होतो. एखादा ‘-३’ ची रिव्हॉल्व्हर हातात घेऊन ‘एम नाही’ म्हणून घेणे टाळतो आणि दुसरा ‘-१’ वर ‘एम’ नसताना ‘नंतरची असेल’ म्हणून घेऊन टाकतो. पहिल्याचे फक्त हत्यार हुकते. दुसऱ्याला ते नेमके नको त्या वेळी दगा देते.

आणखी एक: हा ‘एम’ एल-फ्रेमपुरताच. मॉडेल १९ किंवा ६६ सारख्या के-फ्रेमच्या ३५७ मध्ये तो शोधत बसू नका.

ठसा नाही, पण विकणारा म्हणतो ‘आमच्या कारागिराने भाग बदललेत’. असे होऊ शकते, पण ते कारखान्याचे काम नाही. बुशिंग फ्रेममध्ये ठोकून बसवलेले असते. ते बदलायला योग्य अवजारे आणि नेमका हात लागतो. बुशिंग फ्रेमच्या पृष्ठभागाशी सपाट बसले नसेल, कडेला ठोकल्याचे ओबडधोबड व्रण असतील किंवा भोकाची कड तुटलेली असेल, तर ते काम झाले असे मानू नका. उलट बाजूही लक्षात घ्या: ५८६ पुन्हा काळी करून घेतलेली असेल तर पॉलिशमध्ये ठसे झिजतात. मॉडेल क्रमांकच अंधुक झाला असेल तर ‘एम’ नाही म्हणजे काम नाही, असेही ठरवता येत नाही. अशा वेळी सिरियल नंबरच कामाचा.

उडवलेल्या पुंगळ्या मिळाल्या तर त्याही बघा. प्रायमरच्या मध्यभागी पिनचा खळगा असतोच. त्या खळग्याभोवती उंच, धारदार कडा उठलेली असेल, ज्वालामुखीच्या तोंडासारखी, तर पत्रा भोकात शिरत आहे. नखाने चाचपली तरी ती कड लागते. ही नुसती खूण आहे. जास्त दाबाचे किंवा मऊ प्रायमरचे काडतूसही अशी कड उठवते. पण ‘एम’ नसलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही खूण दिसली की पुढे ३५७ उडवणे थांबवा. ३८ स्पेशल याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालते. त्याच्या दाबाची प्रमाण मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड, तर ३५७ मॅग्नमची ३५,०००. म्हणून फुगवट्याचा त्रास ३८ मध्ये कमी. तरी संरक्षणासाठी बाळगण्याच्या हत्याराचे काम आधी करून घ्या.

रुगरच्या जुन्या सिंगल-अ‍ॅक्शन: तीन स्क्रूंनी फसू नका

१९५३ ची सिंगल-सिक्स, १९५५ ची ब्लॅकहॉक, १९५८ ची बेअरकॅट, १९५९ ची सुपर ब्लॅकहॉक. १९७२ पर्यंतच्या या सगळ्या ‘ओल्ड मॉडेल’. यांचा दोष वेगळा आणि जास्त गंभीर. घोडा पूर्ण खाली असतो तेव्हा तो फायरिंग पिनवर टेकलेला असतो आणि समोरच्या चेंबरमध्ये काडतूस असेल तर पिन थेट प्रायमरवर. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून घोड्यावर पडली किंवा घोड्यावर फटका बसला की गोळी सुटू शकते. घोड्याला पहिल्या खाचेत अडकवून ठेवण्याची सोय होती, पण ती खाच आणि चापाचे टोक दोन्ही इतकी बारीक, की जोराच्या फटक्यात तुटतात. १९७३ मध्ये कंपनीने ट्रान्सफर बार (चाप दाबला तरच घोडा आणि पिन यांच्या मधे येऊन फटका पोहोचवणारी पट्टी) असलेली ‘न्यू मॉडेल’ आणली आणि १९८२ मध्ये जुन्या रिव्हॉल्व्हरमध्येही तसाच बार मोफत बसवून देण्याची योजना सुरू केली.

ओळखण्याची पहिली पायरी सोपी. फ्रेमच्या बाजूला स्क्रूंची डोकी दिसली तर ओल्ड मॉडेल, दोन गुळगुळीत पिना दिसल्या तर न्यू मॉडेल. पिनांची असेल तर तपासणी तिथेच संपली. स्क्रूंची असेल तर मात्र काम झाले की नाही हे अजून कळलेलेच नाही, कारण सुधारणेत आतले भाग बदलतात, फ्रेम तीच राहते. तीन स्क्रू काम झालेल्या आणि न झालेल्या दोन्हींत असतात. ‘तीन स्क्रू म्हणजे मूळची, काम न झालेली’ हा समज इतका पसरला आहे की संग्राहकही त्यात फसतात.

पक्की तपासणी अशी. रिव्हॉल्व्हर रिकामी असल्याची पुन्हा खात्री करा. घोडा अर्धा ओढा, झाकण उघडा, नळीखालच्या बेस पिनची (सिलिंडर ज्या आसावर फिरतो त्याची) कळ दाबून पिन पुढे ओढा आणि सिलिंडर उजवीकडून काढून घ्या. आता चेंबरच नाही, त्यामुळे पुढची तपासणी निर्धास्त करता येते. घोडा अंगठ्याने पूर्ण ओढा आणि घोडा व फ्रेम यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. काम झाले असेल तर चापामागून वर आलेली एक अरुंद, चपटी पोलादी पट्टी दिसते. हाच ट्रान्सफर बार. घोड्याच्या तोंडावरही तिच्यासाठी पायरीसारखी खाच असते. काम झाले नसेल तर पट्टी नसते आणि घोड्याचे तोंड सपाट असते.

पट्टी दिसली तरी ती नीट चालते का, हेही बघायचे. घोडा अंगठ्याने धरून चाप दाबा, घोडा हळू पूर्ण खाली टेकवा आणि मग चाप पूर्ण सोडा. चाप सोडल्याबरोबर पट्टी खाली उतरायला हवी. आता फ्रेमच्या आतल्या बाजूला, सिलिंडरच्या मागच्या भिंतीतले पिनचे भोक बघा आणि मागून घोडा अंगठ्याने पुढे दाबा. पिनचे टोक भोकाबाहेर आले नाही, तर घोडा पिनपर्यंत पोहोचत नाही आणि सुधारणा काम करते आहे. टोक बाहेर डोकावले, बोटाला टोचले, तर एकतर काम झालेलेच नाही किंवा भाग चुकीचे बसवले आहेत. दोन्ही प्रसंगी ती काम न झालेलीच समजा.

या पद्धतीचा फायदा असा की घोडा एकदाही मोकळा आपटावा लागत नाही. पॉइंट २२ च्या सिंगल-सिक्स आणि बेअरकॅटमध्ये तर रिकाम्या चेंबरवर घोडा आपटणे टाळाच. रिमफायरमध्ये (पिन काडतुसाच्या मध्यावर न आपटता कडेवर आपटते तो प्रकार) पिन चेंबरच्या कडेवर आदळून कड दबण्याचा धोका असतो आणि दबलेल्या कडेमुळे पुढे काडतूस नीट बसत नाही.

सगळ्यात अवघड फसगत इथे आहे. रुगर काम केल्यावर काढलेले जुने भाग, म्हणजे घोडा, चाप आणि बाकीचे, मालकाला परत पाठवते. मूळ भाग असलेल्या रिव्हॉल्व्हरला संग्राहक जास्त किंमत देतात, म्हणून पुढचा मालक विक्रीआधी ते जुने भाग पुन्हा बसवतो. मग कंपनीच्या नोंदीत काम झालेले, बिलावर काम झालेले आणि हत्यारात मात्र ट्रान्सफर बार नाही. अशा रिव्हॉल्व्हरपुढे कागद आणि फोन दोन्ही फसतात. पट्टीच बघावी लागते. विकणारा जुन्या भागांची पिशवी सोबत देत असेल तर ती उघडा: पिशवीत सपाट तोंडाचा घोडा असेल तर चांगले, पायरीचा घोडा असेल तर सुधारित भाग पिशवीत आहेत आणि धोका हत्यारात.

काम न झालेली ओल्ड मॉडेल बाळगायची असेल तर पाचच काडतुसे भरायची आणि घोडा रिकाम्या चेंबरवर टेकवायचा. घोड्याची पहिली खाच सुरक्षित मानू नका.

कंपनीला विचारताना

फोन करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: पूर्ण मॉडेल क्रमांक रेघेपुढच्या आकड्यासकट, सिरियल नंबर आणि तुम्ही स्वतः बघितलेली खूण. एल-फ्रेमवर सिरियल नंबर मुठीच्या तळाला, फ्रेमवर असतो. मोठी रबरी मूठ बसवली असेल तर ती काढावी लागते. योकच्या आसपास जुळणीचे आणखी आकडे कोरलेले असू शकतात. ते सिरियल नंबर समजून सांगू नका. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची गल्लत होते, म्हणून भिंगाखाली एकेक अक्षर वाचा.

प्रश्न नेमका विचारा. ‘याला रिकॉल आहे का?’ असे विचारले तर ‘त्या मॉडेलला आहे’ एवढेच उत्तर मिळते. विचारायचे हे: या सिरियल नंबरवर हे काम केल्याची नोंद आहे का, कोणत्या तारखेची, आणि नसेल तर पाठवण्याची पद्धत काय? उत्तर ईमेलवर मागा. पुढे विकताना तुमच्या तोंडी शब्दाऐवजी तो कागद देता येतो.

पाठवायची वेळ आली तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार मालक आपले हत्यार दुरुस्तीसाठी थेट कारखान्याला पाठवू शकतो आणि कारखाना ते थेट मालकाला परत करू शकतो. मधे दुकानदार लागत नाही. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात आणि वाहतूक कंपन्यांच्या अटीही, म्हणून पेटी बांधण्याआधी कंपनीकडून पाठवण्याची चिठ्ठी आणि सूचना घ्या. पेटीत काडतूस एकही नको. खास बनवून घेतलेली मूठ, म्यान, दुर्बीण काढून घरी ठेवा. आत एका कागदावर नाव, पत्ता, सिरियल नंबर आणि कोणते काम हवे ते लिहा. पाठवण्याआधी योकच्या खाचेचा किंवा घोड्याच्या फटीचा फोटो काढून ठेवा. परत आल्यावर बदल तिथेच दिसायला हवा.

रुगरच्या बाबतीत एक सावधगिरी. ओल्ड मॉडेल दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीसाठी पाठवली तरी कारखाना ट्रान्सफर बारचे काम करूनच परत देतो. मूळ स्थितीत जपायची असेल तर हे आधी माहीत असू द्या. आणि पेटी परत आली की जुन्या भागांची पिशवी आत आहे का ते बघून मगच खोका टाका.